फ्रिजच्या पाठीमागचं पाणी

मला तुम्ही पाहिलेलं नाही. पण माझ्यासारखा एखादा तुमच्या स्वयंपाकघरात बहुतेक असेलच, आणि तुम्ही हे वाचत असतानाही त्याच्यात काहीतरी ठिबकत असेल. मी फ्रिजच्या मागच्या बाजूला, अगदी खाली बसवलेला काळा प्लास्टिकचा ट्रे. वीतभर लांब, चार बोटं खोल. फ्रिज घेताना लोक दार उघडून बघतात, भाजीचा कप्पा ओढून बघतात, आतला दिवा लागतो की नाही ते बघतात. पाठीमागे वाकून मला बघणारं गिऱ्हाईक मला अजून भेटायचंय.

सध्या मी एका दुकानामागच्या मोकळ्या जागेत, भंगारात, उताणा पडलोय. आयुष्यात पहिल्यांदाच आभाळ बघतोय आणि ते भरून येतंय. खरं तर हे पावसाचे दिवस नव्हेत. पण हल्ली पाऊस कुठे दिवस विचारून येतो? वारा पडलाय, उकाड्याने जीव नकोसा झालाय. थेंब पडायच्या आत माझी हकीकत सांगून टाकतो, कारण नंतर माझं ऐकायला कोणाला वेळ नसेल.

माझा जन्म कारखान्यातला. वितळलेलं प्लास्टिक साच्यात पडलं, वरून दुसरा साचा दाबला आणि मी बाहेर आलो. माझ्या मागेपुढे माझ्यासारखेच ढीगभर जन्मत होते, त्यामुळे कौतुक वगैरे कोणी केलं नाही. मला नेऊन कॉम्प्रेसरच्या पाठीवर बसवलं. कॉम्प्रेसर म्हणजे फ्रिजचं इंजिन, चालू झालं की तापतं. आतला बर्फ वितळला की पाणी नळीतून माझ्यात यायचं, खालच्या उष्णतेने तापायचं आणि उडून जायचं. ज्याने ही योजना काढली त्याचं डोकं जागेवर होतं. पाण्याला माझ्याकडे मुक्काम करायची सोयच नव्हती.

माझं पहिलं घर एका निवृत्त नवरा-बायकोचं. भांडण झालं की दोघं एकमेकांशी बोलायची नाहीत, फ्रिजचं दार आपटून बोलायची. तेवढा दणका सोडला तर मला कसलाच त्रास नव्हता. पाणी यायचं, उडून जायचं, वर्षं जायची. मग एका उन्हाळ्यात कॉम्प्रेसर बसला. त्यांनी नवा फ्रिज आणला आणि दुरुस्तीला आलेल्या मिस्त्रीला म्हणाले, घेऊन जा बाबा हा, इथे जागा अडते.

मिस्त्री म्हणजे उंच, किडकिडीत माणूस. शर्टाच्या खिशाला कायम टेस्टर अडकवलेला. खाली रस्त्याला लागून त्याचं दुकान, वर दोन खोल्यांचं घर. घरी बायको आणि एक मुलगी. मुलीला सगळे ठकी म्हणायचे. फ्रिज वर चढवला तेव्हा ठकी इतकी लहान होती की तिने आधी आत बसून बघितलं आणि आईचा धपाटा खाल्ला.

मिस्त्रीने दुसऱ्या एका मोडीत काढलेल्या फ्रिजचा कॉम्प्रेसर आणून आमच्यात बसवला. तो उंच निघाला. मला त्याच्या पाठीवर ठेवून बघितलं, आडवं करून बघितलं, पण मी काही बसेना. शेवटी त्याने फरशीचे दोन तुकडे घेतले, खाली कोपऱ्यात मांडले, त्यावर मला ठेवलं आणि नळीला रबरी तुकडा जोडून तिचं तोंड माझ्यात सोडलं. बायको बघत होती. तिला म्हणाला, हे तात्पुरतं आहे, मापाचा स्टँड मिळाला की नीट बसवतो. मग फ्रिज ढकलून भिंत आणि कपाटाच्या मधे बसवला, कडेला जेमतेम चार बोटांची फट राहिली. माणसांच्या घरात तात्पुरती केलेली गोष्टच सगळ्यात जास्त टिकते, हे मला तेव्हा कळलेलं नव्हतं.

सुरुवातीची काही वर्षं तरीही बरी गेली, त्याला कारण हवा. कॉम्प्रेसरची उष्णता पूर्वीसारखी मिळत नव्हती, पण वर्षातून काही महिने गार, कोरडे असायचे. तेव्हा फ्रिजला घाम यायचा नाही. माझ्यात आलेलं थोडंफार पाणी आपोआप आटायचं आणि तळाला पांढरी रेघ उरायची. मग हळूहळू ते महिने आखडत गेले. थंडी आली म्हणेपर्यंत गेलेली असायची. हवा रात्रीसुद्धा दमट, भिंती हाताला कोमट. दार उघडलं की गरम वाफ आत घुसायची, तिचा बर्फ व्हायचा, बर्फाचं पाणी व्हायचं आणि ते पाणी माझ्याकडे यायचं. पांढरी रेघ मला पुन्हा दिसली नाही.

अशा एका सकाळी ती आली. अंगावर काळे-पांढरे पट्टे, आवाज जवळजवळ नाहीच. तिने पाण्यात काही टाकलं नाही. पाण्याच्या जरा वर, माझ्या ओलसर भिंतीला, तिळाहून बारीक काळी अंडी एकेक करून चिकटवली आणि निघून गेली. पाणी चढलं, अंडी भिजली आणि माझ्यात वळवळ सुरू झाली. ज्यांना पाणी लागलं नाही ती तशीच चिकटून राहिली. मला वाटलं होतं मरतील. ती मरत नाहीत. सुकून महिनोन्महिने बसून राहतात, पाण्याची वाट बघत.

ठकीला पहिल्यांदा ताप आला तो याच सुमाराला. डास कुठला होता, माझा की बाहेरचा, ते मलाही ठाऊक नाही. रक्त तपासलं, डेंग्यू निघाला, पण थोडक्यात निभावलं. ठकी आठवडाभरात उड्या मारू लागली. डॉक्टरांनी मात्र तिच्या आईला बसवून सांगितलं की या तापाच्या चार जाती आहेत. एक होऊन गेली म्हणजे बाकीच्यांपासून सुटका झाली असं नाही. उलट पुढच्या वेळी दुसऱ्या जातीचा झाला तर जास्त जड जाऊ शकतो. तेव्हा जपा.

ठकीची आई घरी आली ती वेगळीच बाई होऊन आली. लहान मुलांच्या शाळेत शिकवायची, स्वभावाने मऊ. पण त्या दिवसापासून आठवड्यातला एक दिवस ठरवून घरातलं भांडं न् भांडं ती उपडं करायची. बादल्या, पिंप, कुंडीखालच्या ताटल्या, फुलदाणी, सगळं. नुसतं ओतायची नाही, आतून काथ्याने खसखसून घासायची. मग पदर खोचून शेजारीपाजारी जायची आणि त्यांच्या बादल्या उपड्या करायची. मिस्त्री तिला चेष्टेने इन्स्पेक्टर म्हणू लागला. रात्री ठकीला मच्छरदाणीत घालून चारही बाजू गादीखाली खोचल्याशिवाय ती झोपायची नाही. आणि मी तिच्या पावलांपासून हातभर अंतरावर, भरलेला.

गल्लीत तापाचे रोगी वाढले की आरोग्य खात्याची माणसं यायची. धूर सोडायची, तो फ्रिजच्या पाठीमागे कधी पोचला नाही. त्यातला एक वयस्कर माणूस एकदा दारात पाणी प्यायला थांबला. ठकीच्या आईला म्हणाला, बाई, पूर्वी आमचं काम हंगामी होतं, आता बारमाही झालंय. उकाडा वाढला की हा किडा लवकर वाढतो आणि त्याच्या अंगात रोगही लवकर तयार होतो. त्याने पिंप बघितलं, कुंड्या बघितल्या, आणि अख्ख्या गल्लीत एवढं स्वच्छ घर नाही म्हणून सांगितलं. ती इतकी सुखावली की तिने त्याला आणखी एक पेला पाणी दिलं. फ्रिजमधलंच.

त्याचं म्हणणं खरं होतं, ते मी रोज बघत होतो. पूर्वी माझ्यातल्या अळीचा डास व्हायला दोन आठवडे लागायचे, आता आठवडाही लागत नव्हता. ते उडायचे आणि कपाटामागच्या अंधारात जाऊन बसायचे. रात्री झोपायचे, बरं का. त्यांची वेळ सकाळची आणि दुपार कलल्यावरची. त्याच वेळी ठकी शाळेतून येऊन फ्रिजशेजारी गार फरशीवर पालथी पडून अभ्यास करायची.

गेल्या मोसमात हवेने ताळतंत्रच सोडलं. भलत्याच महिन्यात चार दिवस धो धो पाऊस, मग ऊन, मग नुसता घुसमटवणारा दमटपणा. गावभर फ्रिज बंद पडू लागले आणि मिस्त्रीचा फोन थांबेना. तोंडात घास असताना उठून जायचा. खालच्या मजल्यावर दुकानाला लागून एक शिंपी राहायचा, एकटा जीव. तो तापाने आडवा झाला. ठकीच्या आईने त्याला सूप नेऊन दिलं आणि लगे हात त्याची खोली तपासली. काही सापडलं नाही, तरी बोलायची राहिली नाही. तो बिचारा पडल्या पडल्या म्हणाला, "वहिनी, माझ्याकडे नळाला पाणीच येत नाही. साठवू कुठून?"

त्याच दिवसांत माझ्याकडचे डास स्वयंपाकघराच्या खिडकीतून खाली उतरत होते, शिंप्याच्या अंगावर बसत होते आणि परत वर येत होते. हे एकट्या मला दिसत होतं. इतकं दिसूनही ज्याला तोंड नाही त्याने काय करावं, ते तुम्हीच सांगा.

ठकीच्या आईला कशाचा वास आला कोण जाणे. एका सकाळी मिस्त्री बुटात पाय घालत असताना तिने विचारलं, "अहो, या फ्रिजच्या मागे पाणीबिणी साचत नाही ना?"

"अगं, कॉम्प्रेसरच्या उष्णतेनं सुकून जातं ते. सगळ्या फ्रिजना तसंच असतं."

"तरी एकदा ओढून बघू या. मी काल ढकलून बघितला, एकटीला हलत नाही."

"रविवारी बघतो. आणि फ्रिजचं मला सांगतेस?"

तो हसला, तीही हसली. तो खोटं बोलत नव्हता. दिवसाकाठी इतक्या फ्रिजांच्या पाठी बघणारा माणूस, त्याच्या डोक्यात सगळ्यांचा ट्रे कॉम्प्रेसरवर होता. स्वतःच्या हाताने कोपऱ्यात मांडलेले फरशीचे दोन तुकडे तो साफ विसरून गेला होता. रविवारी त्याला तीन ठिकाणी जायचं होतं. त्याच्या पुढच्या रविवारी त्याहून जास्त.

मग ठकी तापली. डोळ्यांच्या मागे दुखतंय म्हणायची, अंगाला हात लावू द्यायची नाही. रक्ततपासणीचा कागद आला, पुन्हा डेंग्यू. तिची आई फ्रिजला टेकून उभी राहिली. डॉक्टर म्हणाले, सध्या घरी ठेवायला हरकत नाही, पाणी, सरबत सतत पाजा, रोज रक्त तपासा. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा, ताप उतरला म्हणजे संपलं असं समजू नका, खरा धोका तेव्हाच असतो. पोटात दुखलं, उलट्या झाल्या, हातपाय गार पडले तर तसंच उचलून आणा. तिने हे तीनदा वदवून घेतलं. मिस्त्रीलाही सांगितलं. त्यानेही मान डोलावली.

पण ऐकणं वेगळं आणि तापल्या पोरीचं कपाळ एका सकाळी हाताला गार लागणं वेगळं. थर्मामीटर लावलं, ताप नाही. मिस्त्रीच्या जिवात जीव आला. आईने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि बसल्या जागी रडली. कित्येक रात्री तिचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. मिस्त्री म्हणाला, उतरला ना ताप, आता तू जरा पड, दुपारी रक्त तपासायला मी येतोच. आणि तो गेला, कारण कुठल्याशा औषधाच्या दुकानातला फ्रिज बंद पडला होता आणि आत लहान मुलांच्या लसी होत्या. त्याला नाही म्हणवेना. बरं वागणाऱ्या माणसांच्या हातूनच हे असं सगळं होतं. ती पाच मिनिटं म्हणून आडवी झाली आणि गाढ झोपली.

भर दुपार. ठकी उठून आली. भिंत धरत आली. फ्रिज उघडून तिने आपल्या स्टीलच्या पेल्यात पाणी घेतलं, एक घोट प्याली आणि तो तसाच धरून फ्रिजच्या कडेला फरशीवर बसली. फ्रिजची कड गरम असते. बाहेर माणसं उकाड्याने भाजून निघत होती आणि ही पोर उबेसाठी त्या पत्र्याला चिकटून बसली होती. माझ्यापासून हातभरावर. हातांवर बारीक लाल ठिपके. एक हात पोटावर दाबलेला. "आई," अशी एक हाक तिने मारली, पण ती मलासुद्धा जेमतेम ऐकू आली.

मला त्या वेळी जे वाटलं ते सरळ सांगतो. मला फुटून जावंसं वाटलं. प्लास्टिक फुटल्याचा आवाज तरी होईल, त्याने तरी ती बाई जागी होईल. पण मी होतो तिथेच होतो, आणि माझ्यातली वळवळ तशीच चालू होती.

आवाज पेल्याने केला. ठकीला उलटी झाली, हात सुटला, पेला फरशीवर खणखणला, गडगडत फ्रिजच्या मागे आला आणि माझ्यावर येऊन आदळला. खोलीतून पावलं धावत आली. मग फक्त तिची हाक, पोरीच्या नावाची, पुन्हा पुन्हा. खालून शिंपी आला. अजून पायात जोर नव्हता त्याच्या, तरी दोघांनी मिळून ठकीला उचललं. दार उघडंच राहिलं. त्यानंतर घरात फक्त कॉम्प्रेसरची घरघर.

ठकी वाचली. अतिदक्षता विभागात होती, हाता-पायाला नळ्या होत्या. आणखी तासभर उशीर झाला असता तर हातात काही राहिलं नसतं, असं डॉक्टर म्हणाल्याचं मिस्त्री फोनवर कुणाला तरी सांगत होता. शुद्धीवर आल्यावर ठकीने काय मागितलं, तर आपला पेला. तो न्यायला मिस्त्री घरी आला होता. मोरीत बघितला, कपाटात बघितला, मग वाकून फ्रिजच्या फटीतून बघितलं. खांदा लावून त्याने फ्रिज ओढला. एकट्याने. सहज आला की.

आधी त्याला पेला दिसला. मग मी दिसलो. माझ्यातलं पाणी जिवंत होतं. त्याची नजर पाण्यावरून फरशीच्या तुकड्यांवर गेली, तिथून नळीला जोडलेल्या रबरी तुकड्यावर. हा तुकडा कुणी जोडला ते त्याला आठवलेलं मी बघितलं. तो तिथेच उकिडवा बसला. नंतर माझ्यातलं पाणी मोरीत ओतलं, मला फडक्याने पुसलं, खाली आणलं आणि दुकानामागे जितक्या लांब फेकता येईल तितक्या लांब फेकलं. बायकोला त्याने काही सांगितलं नाही. ती अजून शेजाऱ्यांच्या बादल्यांमध्ये तो डास शोधते.

तेव्हापासून मी इथे. ऊन खाऊन कोरडा ठणठणीत झालोय. बघणाऱ्याला वाटेल, रिकामा आहे. मी रिकामा नाही. फडकं तळावरून फिरलं, कडेला नीट लागलं नाही. काठाखाली ती काळी रांग अजून तशीच आहे.

ठकी घरी आलीय. अंगावर नुसती हाडं उरलीत, दिवसभर वरच्या खिडकीत बसते. आता तिच्या वाट्याच्या दोन जाती होऊन गेल्या. डॉक्टरांनी चार सांगितल्या होत्या. आणि ही खिडकी उघडते ती नेमकी माझ्यावर.

आत्ताच थोड्या वेळापूर्वी मिस्त्री हत्यारांची पिशवी स्कूटरला लावत होता. वरून तिचा बारीक आवाज आला. "बाबा, तो फ्रिजचा ट्रे ना? उताणा पडलाय बघा. आई म्हणते काही उताणं ठेवायचं नाही."

त्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं. दोन पावलं माझ्याकडे आलासुद्धा. माझा जीव, असलाच तर, त्या दोन पावलांत गोळा झाला होता. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. कुणाचा तरी फ्रिज बंद पडला होता.

"कोरडा आहे गं तो," तो म्हणाला. "आल्यावर बघतो."

स्कूटर गल्लीच्या टोकाला वळली, आवाजही विरला. माझं तर जे व्हायचं ते होईल. पण तुम्हाला एकच विनवणी. हे वाचून झालं की उठा. रविवारची वाट बघू नका. फ्रिज ओढा, पाठीमागे वाका, आणि माझा जो कोणी भाऊ तिथे असेल त्याला नुसतं ओतू नका, काठापासून तळापर्यंत घासा. कोणाच्या हाताला वेळ असेल तर इकडे येऊन मलाही पालथं घाला. ठकी अजून खिडकीतच बसलीय, कोपर बाहेर काढून, आणि माझ्या कोपऱ्यात आत्ता पहिला थेंब पडलाय.